मिक्सरच्या प्लगबरोबर अख्खा बोर्डच बाहेर येतोय, काय करावं?

आमसूल (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, म्हाडाची जुनी इमारत. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर टाइल्समध्ये एक बोर्ड आहे, एक स्विच आणि सहा अँपिअरचं एक सॉकेट. मिक्सर, ब्लेंडर, गणपतीत मोदकांची पिठी दळायची वेळ आली की ग्राइंडर, सगळं त्याच्यावरच. हल्ली मिक्सरचा प्लग काढायला गेलं की प्लेटसकट सगळं भिंतीतून अर्धा इंच पुढे येतं. आत ढकललं की बसतं, पुढच्या चटणीला पुन्हा बाहेर.
इलेक्ट्रिशियन येऊन गेला. त्याने जुने स्क्रू काढून लांब स्क्रू मारले, दोनशे रुपये घेतले, "आता हत्तीने ओढलं तरी निघणार नाही" म्हणाला. चार दिवस टिकलं. भिंत बाहेरच्या बाजूची आहे, पावसाळ्यात ओल येते. ठिणगी किंवा जळका वास अजून तरी नाही.
नवरा म्हणतो एमसील लावू. सासूबाई म्हणतात बोर्डाला कुणी हात लावायचा नाही. नक्की काय सैल झालंय हे ओळखायचं कसं, आणि घरी करण्यासारखं काम आहे का?

चिंचपोकळी_लोकल
सासूबाईंना +१.

वरणफळ
आमच्याकडे पण हेच. प्लग काढताना एका हाताने प्लेट भिंतीला दाबून धरायची आणि दुसऱ्याने प्लग ओढायचा. चालतंय व्यवस्थित. वाचतोय.

वायरमनकाका
वरणफळ, तसं चालवू नका. प्रत्येक वेळी बोर्ड पुढेमागे झाला की आतल्या वायरींना टर्मिनलपाशी बाक येतो. तांब्याची तार एकाच जागी वाकत राहिली की तुटते, आधी एक धागा, मग दुसरा. उरलेल्या दोन धाग्यांवर मिक्सर चालतो आणि तिथे गरम होतं. बाहेरून काही दिसत नाही.
आता आमसूलताईंचं. "सॉकेट सैल आहे" म्हणून बोलावतात तेव्हा त्यात चार वेगळ्या तक्रारी असतात आणि चारींचा इलाज वेगळा. वरची प्लेट, तिच्यामागची फ्रेम, भिंतीत बसवलेला बॉक्स, किंवा बॉक्सला धरणारी भिंतच. तुमच्याकडे लांब स्क्रू मारूनही सुटलं म्हणजे पहिल्या दोन गोष्टी बहुतेक बाद. स्क्रूने फ्रेम बॉक्सला घट्ट धरली आहे, बॉक्सच भिंतीतून निघतोय. मग स्क्रू लांब केला काय आणि सोन्याचा केला काय.
खात्री अशी करायची. मेन बंद. मॉड्यूलर बोर्डाची वरची पांढरी प्लेट नुसत्या क्लिपांवर असते, तिला स्क्रू नसतात. खालच्या कडेला बारीक खाच सापडेल, तिथे चपटा स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच उचका. आत फ्रेम दिसेल, डावी-उजवीकडे एकेक स्क्रू. आता फ्रेम बोटांनी धरून हलवा आणि नजर बॉक्सच्या कडेवर ठेवा. फ्रेम हलते पण बॉक्सची कड जागची हलत नाही, तर स्क्रू ढिला किंवा बॉक्सच्या कानाचे, म्हणजे स्क्रू बसतो त्या भोकाचे, आटे गेले. फ्रेमबरोबर कडही डुलते, तर बॉक्स सुटला. आणि हलवताना कडेने वाळू झरायला लागली तर भिंत गेली.
लांब स्क्रूचा आणखी एक तोटा. त्याचं टोक बॉक्सच्या आत वायरींच्या गुंडाळ्यावर जाऊन टेकतं. इन्सुलेशन चिरलं आणि बॉक्स पत्र्याचा असला की करंट बॉक्सला, तिथून ओल्या भिंतीला. म्हणून उघडाल तेव्हा त्या स्क्रूंची टोकं कुठे गेलीत ते आधी बघा.

आमसूल
काका, इतकं सविस्तर लिहिलंत, खूप आभार. रविवारी उघडून बघतो. पण मेन बंद केला की झालं ना? आमच्याकडे दाराबाहेर एक आणि आत एक असे दोन आहेत.

ओहमकार
आतला पुरतो, पण "बंद केलंय" यावर विश्वास ठेवायचा नाही. टेस्टरने बघायचं. आणि टेस्टरवरही आंधळा विश्वास नको, त्यातला निऑन दिवा कधी मेला हे तो सांगत नाही. मेन चालू असताना त्याच सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घालून बघा, स्विच चालू ठेवून. पेटला? आता मेन बंद, परत बघा, तिन्ही भोकं. मग प्लेट उघडल्यावर स्विच आणि सॉकेटच्या प्रत्येक टर्मिनलच्या स्क्रूला लावा. काम झाल्यावर मेन चालू करून टेस्टर अजून पेटतो ना तेही बघा, नाहीतर मधल्या वेळात त्याने दिलेली सगळी उत्तरं फुकट.
तिन्ही भोकं का? तर जुन्या घरात कुणीतरी कधीतरी स्विच फेजमध्ये (करंट आणणारी तार) न टाकता न्यूट्रलमध्ये (परतीची तार) टाकलेला सापडतो. अशा ठिकाणी स्विच बंद केला की मिक्सर बंद पडतो, पण सॉकेटमध्ये फेज बसूनच असतो. समोरून बघताना मोठं अर्थचं भोक वर धरलं तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल हवा. उलटं सापडलं तर त्याच बैठकीत सुलटं करून घ्या.

कांजूरकर
इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो इमानदारीत पुरवठा सुरू करतो.

चिंचपोकळी_लोकल
मुंबईत इन्व्हर्टर कुणाकडे असतो हो? आमच्याकडे लाइट जाते ती बिल भरायचं राहिलं तरच.

कांजूरकर
भांडुप-मुलुंडकडे महावितरण आहे साहेब. तुम्ही बेस्टवाले सुखी जीव.

नियमवाचक
थोडा रसभंग. घरातलं वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावं असा कायदा आहे. पण १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५ व्या नियमातच सूट होती: दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती फिटिंग बदलणं, ज्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नाही, ते यात येत नाही. म्हणजे आहे ते सॉकेट आहे तिथे घट्ट करणं ठीक. सहाचं काढून सोळाचं बसवणं किंवा नवी लाइन ओढणं, याला वायरमनच हवा.

पोळीभाजी
मग माझा इंडक्शन? सहाच्या सॉकेटवरच चालतोय गेली दोन वर्षं, वरून कन्व्हर्टर प्लग लावून.

ओहमकार
इंडक्शन दोन हजार वॅटचा असेल तर २३० व्होल्टला हिशेब ८.७ अँपिअर येतो. सॉकेट सहाचं, मागची वायर बहुधा दीड चौरस मिलिमीटरची. कन्व्हर्टरने पिन बसते, क्षमता वाढत नाही. मिक्सर ७५० वॅटचा, म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास, म्हणून आमसूल यांचं सहामध्ये भागतंय.
सैल जोडणीचा धोका आकड्यात बघा. कुठल्याही जोडात ०.१ ओहम एवढा क्षुल्लक रोध तयार झाला, तर ८.७ अँपिअरला तिथे साडेसात वॅट उष्णता निघते. तीन किलोवॅटचा गिझर असेल तर १३ अँपिअर आणि जवळजवळ १७ वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्यांची सोल्डरिंगची काडी साधारण २५ वॅटची असते. ती प्लॅस्टिकच्या बोर्डात, भिंतीच्या आत, सकाळच्या सगळ्या आंघोळी होईपर्यंत टेकवून ठेवली आहे असं समजा. आणि यात एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. लोक म्हणतात "एमसीबी आहे की!" त्याचा इथे उपयोग शून्य.

पोळीभाजी
बाप रे. आजच इंडक्शन फ्रिजशेजारच्या सोळाच्या सॉकेटवर हलवते.

गिरगावकर_आजोबा
आमच्या चाळीत बॉक्स वगैरे प्रकार नाही. लाकडी बोर्ड, वर सनमायका, आणि वायरी सागाच्या पट्टीवरून. बोर्ड भिंतीला चार लाकडी गुट्ट्यांवर उभा. गुट्टी सुकून आक्रसते किंवा वाळवी लागते आणि मग स्क्रू नुसता गरागरा फिरतो. यावर जुना उपाय म्हणजे भोकात फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या दोन-तीन काड्या कोंबायच्या, वाळू द्यायचं आणि स्क्रू पुन्हा मारायचा. गुट्टी शाबूत असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. पण गुट्टीच भोकात डुलत असेल तर काड्यांचा उपयोग नाही, ती उपटून काढावी लागते.
तिथे मग ड्रिल करून प्लॅस्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी नळी. चुन्याच्या गिलाव्यात गिट्टी धरत नाही, हे ध्यानात ठेवा. आमच्या भिंतीवर दीड इंच चुना आहे, गिट्टी त्याच्या पलीकडे विटेत गेली पाहिजे. भोकातून पांढरी पूड येतेय तोवर चुना, लाल यायला लागली की वीट. स्क्रू त्या हिशेबाने लांब घ्या. वर ज्या लांब स्क्रूला नावं ठेवली तो इथे मात्र हवा.

वायरमनकाका
आजोबा, अगदी बरोबर. सरफेस (भिंतीवर लावलेल्या) बोर्डाला लांब स्क्रू भिंतीत जातो, कन्सील्डमध्ये (भिंतीत बसवलेल्या) तो बॉक्सच्या पोकळीत जातो. फरक तेवढाच.

मुलुंड_टॉवर
आमच्या नव्या इमारतीत उलटी तऱ्हा. बाहेरच्या भिंती मायवानच्या, म्हणजे सलग काँक्रीट, बॉक्स ओततानाच आत बसलेले, ते जन्मात हलत नाहीत. पण आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या. तिथे टीव्हीमागचा बोर्ड सुटलाय. सोसायटीचा माणूस हॅमर ड्रिलने भोक पाडायला लागला तर आठ मिलिमीटरच्या बिटने अंगठा जाईल एवढं भगदाड.

कांजूरकर
सिपोरेक्सला हॅमर मोड बंद ठेवायचा, साध्या फिरतीवर भोक पाडायचं. शक्य तर गिट्टीच्या मापापेक्षा एक मिलिमीटर बारीक बिट. आणि गिट्टी नेहमीची पिवळी नको, सिपोरेक्ससाठी जाड आट्यांची लांब नायलॉनची मिळते. लोहार चाळीत किंवा नागदेवीला मिळेल, गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याला मात्र सिपोरेक्स असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो हात घालून जी लागेल ती देतो. पडलेलं भगदाड आधी ब्लॉक जोडायच्या केमिकलने भरून घ्या, सुकल्यावर शेजारी नवं भोक.

अंधेरी_भाडेकरू
माझं जरा वेगळं. बोर्ड घट्ट आहे, पण प्लग सॉकेटमध्ये लोंबकळतो. मोबाइलचा चार्जर स्वतःच्या वजनाने खाली येतो. मालक म्हणतात तुम्हीच बघा. बोर्ड आवळला तर फरक पडेल का?

ओहमकार
नाही. तुमचं आतल्या पितळी पट्ट्यांचं स्प्रिंग गेलंय. ते दुरुस्त होत नाही, सॉकेट बदलायचं. पिना फाकवून तात्पुरतं बसवू नका, दुसऱ्या चांगल्या सॉकेटची वाट लागते. मॉड्यूलरमध्ये सॉकेट दोन मॉड्यूलचं असतं, फ्रेममधून मागून दाबलं की सुटतं. त्याच कंपनीचं, त्याच मालिकेचं घ्या, एकाचं दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसेलच असं नाही. जुनं काढून खिशात घालून दुकानात न्या.

चिंचपोकळी_लोकल
आणि चार्जरवर चार्जर, त्यावर मल्टिप्लग, त्यात अजून दोन चार्जर, असा मनोरा लावणाऱ्यांनी सॉकेट ढिलं झाल्याची तक्रार करू नये. (हलके घ्या.)

आमसूल
अपडेट. उघडला. नवऱ्याने टेस्टर धरला, मी टॉर्च, सासूबाई दारात उभं राहून देवाचं नाव घेत होत्या.
बॉक्स पत्र्याचा आहे. काकांनी लिहिलं तसंच, फ्रेमबरोबर बॉक्सची कडही हलते. डाव्या बाजूला बॉक्स आणि वीट यांच्यामध्ये माझं बोट जाईल एवढी फट, आत सिमेंट नाहीच, पिवळट चुरा. कुणीतरी पूर्वी वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून पांढरं काहीतरी फासलेलं, बहुतेक पीओपी किंवा पुट्टी, ते दमट होऊन शिळ्या बुंदीसारखं सुटतंय. बॉक्सचा तळ गंजलाय पण भोक नाही. लांब स्क्रूचं एक टोक काळ्या वायरला टेकलेलं, वरचं आवरण थोडं दबलंय, तांबं दिसत नाही. हिरवी वायर आहे पण ती कशालाच जोडलेली नाही, कापून मागे दुमडली आहे.
आता पुढे? बॉक्स पूर्ण काढायचा तर भोवतीच्या टाइल्स फुटतील. या रंगाच्या टाइल्स आता मिळत नाहीत.

सदानकदा
एमसील. दोन्ही पुड्या मळा, फटीत भरा, तासाभराने दगड. वहिनी, कशाला एवढा खटाटोप.

वायरमनकाका
सदानकदा, एमसील चांगली वस्तू आहे, पण ती कशाला चिकटणार? एका बाजूला गंजलेला पत्रा, दुसऱ्या बाजूला चुरा. चुऱ्यावर काहीही लावा, पुढच्या ओढीला ते चुऱ्यासकट निघेल. आणि बोटभर रुंद फट भरायला किती पाकिटं आणणार? बारीक चीर असती, भिंत कोरडी आणि टणक असती तर मीच सांगितलं असतं.
पीओपीचंही तेच. पंधरा मिनिटांत घट्ट होतं म्हणून कामगारांना आवडतं. कोरड्या भिंतीत चालून जातं. ओल्या भिंतीत पीओपी पाणी धरतं, मऊ पडतं आणि पत्र्याला गंज चढवतं. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. आणि पुट्टी ही रंगाच्या खालचा हात आहे, तिच्यात वजन पेलायची ताकद नसते. ओल असलेल्या भिंतीत सिमेंट आणि वाळूच.
टाइल न फोडता असं करा. चारी वायरी टर्मिनलमधून सोडवा, सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक टोकाला वेगळी टेप किंवा छोटा कनेक्टर, आणि सगळ्या एकत्र बॉक्सच्या बाहेर वळवून ठेवा. स्वयंपाकघराचा एमसीबी खाली पाडून त्यावर टेप लावा, घरातल्या कुणी सवयीने वर करू नये म्हणून. मग फटीतला सगळा भुगा जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडा. विटेचा खणखणीत भाग लागेपर्यंत. अजिबात कंजुषी नको, कामाचा निम्मा भाग हाच. ब्रशने झाडा.
बॉक्सच्या पाठीला गोल भोकं असतात. त्यातून मागच्या विटेत सहाच्या बिटने दोन भोकं, गिट्ट्या, आणि ३५ मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे स्क्रू. बॉक्स मागून भिंतीला बांधला गेला की ओढ सिमेंटवर न येता स्क्रूंवर येते. ड्रिल करण्याआधी पाइप बॉक्समध्ये कुठून शिरतोय ते बघा, वरून शिरत असेल तर भोकं खालच्या भागात पाडा. तुमची भिंत बाहेरची आहे म्हणजे बहुधा नऊ इंची, चिंता नाही. आतली साडेचार इंची असती तर शेजाऱ्यांच्या बाथरूमची टाइल पडली असती.
बॉक्स टाइलच्या पातळीपेक्षा पुढे येऊ देऊ नका, एक-दोन मिलिमीटर आतच बरा. बाहेर राहिला तर प्लेट टाइलला टेकत नाही आणि परत डुलायला लागते.

गवंडीकाम
काकांच्या पुढचं मी सांगतो. एक वाटी सिमेंट, तीन वाट्या चाळलेली वाळू. पाणी बेतानेच, मूठ वळली की गोळा राहिला पाहिजे, ओघळता कामा नये. पाइपाचं तोंड कागदाच्या बोळ्याने बंद करा, नाहीतर माल पाइपात जाऊन वायरी कायमच्या अडकतात. हा बोळा नंतर आठवणीने काढायचा. फट आतून ओलसर करून घ्या, कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत राहतो. फट रुंद आहे म्हणून विटेचे बारीक तुकडे माल लावून आत ठासा, त्यांच्यामध्ये माल. नुसता माल भरला तर आक्रसून पुन्हा फट पडते.
दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. दोन-तीन दिवस हलका ओला हात फिरवत राहा. तोवर तो पॉइंट बंदच. घाई झाली तर चटणी खलबत्त्यात वाटा, जास्त छान लागते.

आमसूल
दोन-तीन दिवस मिक्सर नाही! बरं. हिरव्या वायरचं काय करू? नवऱ्याच्या मित्राने सुचवलं की अर्थचं टर्मिनल न्यूट्रलला जोडून टाकायचं, म्हणजे तीन पिनींच्या वस्तूला अर्थ मिळतं.

ओहमकार
नाही, नाही, नाही. हे अजिबात करू नका आणि त्या मित्राने स्वतःच्या घरी केलं असेल तर त्यालाही काढायला सांगा. न्यूट्रल कुठे मागे सुटला, मेनमध्ये, किटकॅटमध्ये (जुना चिनी मातीचा फ्यूज), कुठेही, की मिक्सरच्या धातूच्या अंगावर सरळ फेज येतो. मग बटण चालू असो नसो. यात माणूस दगावतो.
हिरवी वायर आहे म्हणजे कुठेतरी अर्थिंग नेलेलं असण्याची शक्यता आहे. वायरमनकडून मेनबोर्डापर्यंत तपासून घ्या. आहे असं ठरलं तर सॉकेटच्या वरच्या मोठ्या टर्मिनलला जोडा, आणि पत्र्याच्या बॉक्सलाही एक फाटा स्क्रूखाली द्या. बॉक्सला अर्थ देणं कुणी करत नाही, पण ओल्या भिंतीतल्या पत्र्याला तेच हवं. त्याच वायरमनला मेनबोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का तेही बघायला सांगा. वर मी एमसीबीबद्दल लिहिलं, ते वायरचं रक्षण करतं. भिंतीला करंट उतरला तर माणसाला वाचवणारं हे दुसरं यंत्र.

नियमवाचक
आणि ओल? ती न थांबवता सिमेंट भरलं तर दोन पावसाळ्यांनी हाच धागा वर येईल. बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आत येत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या यादीत आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं सेक्रेटरीच्या या कानातून त्या कानात जातं.

गवंडीकाम
बाहेरून चीर भरायचं काम पाऊस संपल्यावर. भर जुलैत झुल्यावर माणूस चढवून काही उपयोग नाही, भिंत सुकलेली नसते.

मालवणीखाजं
ओल थांबेपर्यंत त्या जागी नकोच वाटत असेल तर दुसरा मार्ग. जुना बॉक्स जागेवर ठेवून कोऱ्या प्लेटने बंद करायचा आणि त्यातून केसिंग पट्टी (वायरी झाकणारी प्लॅस्टिकची पट्टी) फूटभर बाजूला, आतल्या कोरड्या भिंतीवर नेऊन तिथे सरफेस बॉक्स लावायचा. दिसायला तितकं बरं नाही. पण आमच्या लालबागच्या घरात सगळं असंच आहे आणि आम्हाला ते दिसतही नाही आता.

आमसूल
मंडळी, झालं काम. बॉक्स मागून दोन स्क्रूंवर बांधला, फट विटेचे तुकडे आणि मालाने भरली. काळी वायर दबलेली होती तेवढा इंच-दीड इंच भाग कापून टाकला, मागे पुरेशी लांबी होती. ओळखीच्या वायरमनला बोलावून जोडणी त्याच्याकडूनच करून घेतली. हिरवी मेनबोर्डात अर्थला जोडलेलीच होती, इथेच कुणीतरी कापली होती. आता सॉकेटला आणि बॉक्सला दोन्हीकडे दिली. आरसीसीबी नाही, त्याचं विचारलंय. मिक्सरचा प्लग मुद्दाम जोरात ओढून बघितला, बोर्ड तसूभर हलला नाही. सासूबाईंनीही एकदा ओढून बघितला.
एकच राहिलं. टाइल आणि प्लेटच्या मध्ये वरच्या कडेला बारीक फट दिसते, तिथून ओटा पुसताना पाणी आत जाईल का?

गवंडीकाम
टाइलचं ग्राउट बोटाने भरा, सिमेंट पूर्ण सुकल्यावर. प्लेटला चिकटू देऊ नका, नाहीतर पुढे उघडताना प्लेट तुटेल. खालची कड उघडीच राहू दे, आत गेलंच पाणी तर बाहेर यायला वाट हवी.

वायरमनकाका
छान काम झालं. महिन्याभराने मेन बंद करून टर्मिनलचे स्क्रू एकदा आवळून घ्या. बारीक तारांची गुंडाळलेली वायर दाबाखाली बसते आणि स्क्रू पाव फेरा ढिला पडतो. प्लेट क्लिपवर आहे, पाच मिनिटांचं काम.

वरणफळ
काका, माझ्याकडे फ्रेम हलते आणि बॉक्सची कड जागेवर आहे. प्लॅस्टिकचा बॉक्स, कानाचे आटे गेलेत. आता लांब स्क्रू की जाड स्क्रू?

वायरमनकाका
जाड. लांबी तीच ठेवा.